तीन दारफळ, एकच चॅनल

सोलापूर जिल्ह्यात दारफळ नावाची तीन गावं आहेत. माढा तालुक्यातलं, सीनेच्या काठचं सीना दारफळ, आणि उत्तर सोलापुरातली बीबी दारफळ नि गावडी दारफळ. इथल्या माणसाला त्यात काही गोंधळ वाटत नाही. पण रात्री अडीच वाजता वायरलेसवर निरोप आला, त्यातला पहिला शब्द खरखरीत गेला आणि नुसतं 'दारफळ' कानावर पडलं, तर बोट कुठे न्यायची? कासेगावंही दोन आहेत, एक पंढरपूरजवळचं आणि एक दक्षिण सोलापुरातलं. वडाळा आणि वडवळ घाईत बोललं की सारखंच ऐकू येतं. अशा नावांच्या मुलखात आवाज नुसता पोचून भागत नाही, तो कळावा लागतो.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं पात्र सोडलं तेव्हा हे फार जाणवलं. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, सगळीकडे काठची गावं पाण्यात. लांबोटीजवळ पुण्याच्या हायवेवर पाणी चढलं आणि वाहतूक थांबली. जी नदी उन्हाळ्यात आपण चपला हातात घेऊन ओलांडतो, तिनं माणसांना घरांच्या छतावर चढवलं. त्या दिवसांत नदीकाठच्या नातेवाइकांना फोन लागेना. मी अण्णांना म्हटलं, टॉवर तर उभा असेल की. ते म्हणाले, "उभा असून काय करायचा गं? खाली करंट पाहिजे का नको? बॅटरी काय रात्रभर पुरती का?"

अण्णा म्हणजे माझे वडील. पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. लहानपणी आम्ही पोलीस लाइनीत राहायचो आणि अण्णा घरीसुद्धा गावाचं नाव तालुक्यासकट सांगायचे. पाहुणे आले तरी "कुठल्या कासेगावचे?" हे आधी. मी पुढे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शिकले, आता तेच शिकवते, आणि हौशी रेडिओचं लायसन्स घेतलंय. आमच्या घरी जेवताना अँटेनाच्या गप्पा होतात. गेली काही वर्षं त्या गप्पांचा विषय एकच आहे : ग्रामीण भागातल्या सुरक्षा यंत्रणेचा रेडिओ सायमलकास्टवर न्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि ते आपल्या जिल्ह्यात कसं दिसेल.

सायमलकास्ट म्हणजे एकच बोलणं, एकाच फ्रिक्वेन्सीवर, अनेक मनोऱ्यांवरून, एकाच क्षणी. वाक्य सोपं आहे. त्यातला 'एकाच क्षणी' हा भाग इतका अवघड आहे की त्याच्यामागे अणुघड्याळं लागतात. पण त्याआधी हे करावं तरी का, ते सांगते.

आपला जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा, अकरा तालुक्यांचा. पश्चिमेला नातेपुते आणि पूर्वेला अक्कलकोट, अंतर एवढं की सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो. पोलीस वापरतात त्या व्हीएचएफ लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल असल्यानं ती रेषा कुठेतरी जमिनीत शिरते. साठ मीटर उंच मनोरा आणि माणसाच्या छातीशी धरलेला हँडसेट, यांच्यात गणितानं फार तर पस्तीसेक किलोमीटर निघतात. त्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर क्षेत्रफळ ३,८५० चौरस किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला की वाटतं, चार मनोरे झाले की जिल्हा झाला. कागदावर होतोच. पण बार्शीच्या पूर्वेला बालाघाटाचे फाटे उतरलेत, माळशिरसच्या नैऋत्येला महादेवाचे डोंगर आहेत, आणि वर्तुळं एकमेकांना नुसती टेकून चालत नाहीत, एकमेकांवर चढावी लागतात. शिवाय सेट छातीशी कोण धरतं? तो कमरेला असतो. शरीर मध्ये आलं की लहरीची ताकद दहाव्या हिश्शावर, कधी त्याहूनही खाली येते.

मग अनेक मनोरे आलेच. जगभरात ग्रामीण भागात जुनी पद्धत अशी की प्रत्येक मनोऱ्यावर एक रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पकडून जास्त ताकदीनं पुन्हा सोडणारं यंत्र, आणि प्रत्येक रिपीटरची फ्रिक्वेन्सी वेगळी, कारण शेजारी-शेजारी दोन मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलले तर एकमेकांची माती करतात. म्हणजे गाडी एका हद्दीतून दुसरीत गेली की ड्रायव्हरनं किंवा शेजारच्यानं नॉब फिरवून चॅनल बदलायचा. दिवसा, निवांत, चांगल्या रस्त्यावर हे जमतं. पण जमावातून गाडी काढताना, पुलावर पाणी आलेलं असताना, मागच्या सीटवर जखमी माणूस असताना हात नॉबकडे जात नाही. माणूस जुन्याच चॅनलवर बोलत राहतो आणि त्याला वाटतं, कंट्रोल उत्तर देत नाही. कंट्रोलला वाटतं, गाडी गप्प आहे. अण्णांचा या नॉबवर जन्मभराचा राग आहे. "ज्या वेळी सेट लागतो नेमका त्याच वेळी चॅनल चुकतो," असं ते आजही चिडून सांगतात.

दुसरं नुकसान जास्त खोल आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. वेगवेगळ्या चॅनलवर माणसं वेगवेगळं ऐकतात. करमाळ्याच्या बाजूला सीनेचं पाणी कसं चढतंय हे करमाळ्याच्या चॅनलवरच्यांना कळतं. तेच पाणी काही तासांनी मोहोळला येणार असतं. मोहोळच्या जीपमधल्या हवालदाराला ते कुणीतरी मुद्दाम सांगावं लागतं, आणि 'मुद्दाम' सांगायला त्या रात्री कुणाला फुरसत असते? एकाच चॅनलवर सगळे असले की कुणी कुणाला सांगायची गरजच राहत नाही. शंभर माणसं कान देऊन बसलेली असतात आणि त्यातल्या ज्याच्या कामाचं ते असतं तो उचलतो. हे न सांगता कळणं मला रेडिओचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. फोनवर ते होत नाही. फोन दोघांचा असतो.

आषाढीला पंढरपुरात ज्यानं ड्युटी केलीय किंवा नुसती वारी केलीय, त्याला हे वेगळं सांगायला नको. लाखो माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि मंदिर परिसरात हाताला हात लागलेल्या दोन माणसांचाही एकमेकांना फोन लागत नाही. मोबाईलचा टॉवर एका वेळी ठरावीक संभाषणंच पेलतो. रेडिओवर ऐकणारे दहा असोत नाहीतर हजार, मनोऱ्यावर एका पैशाचा बोजा वाढत नाही. वाखरीपासून पासष्ट एकर या वारकऱ्यांच्या तळापर्यंत जी गर्दी असते आणि पत्राशेडपासून गोपाळपुरापर्यंत जी दर्शनरांग वळत जाते, त्यांत कुठे रेटारेटी सुरू झाली हे पुढच्या मागच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी कळणं, एवढ्यावर किती जीव अवलंबून असतात याचा हिशोब कुणी ठेवत नाही, कारण न घडलेल्या गोष्टींची नोंद होत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत याच कामात आहे. पोलिसांच्या रेडिओची काही पहिली पावलं तिकडची. १९२८ मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी गाड्यांमध्ये रिसीव्हर बसवून नियमित प्रक्षेपण सुरू केलं. तेव्हा कंट्रोल बोलायचं आणि गाडी फक्त ऐकायची, उत्तर द्यायला पोलिसाला उतरून फोन शोधावा लागायचा. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉनमध्ये गाडीतूनही बोलता येऊ लागलं. आज तिथल्या ग्रामीण काउंट्यांमध्ये शेरीफ, रुग्णवाहिका आणि आग विझवणारी गावातली स्वयंसेवक मंडळी एकाच यंत्रणेवर असतात. हे स्वयंसेवक म्हणजे शेतकरी, मेकॅनिक, मास्तर. कमरेला पेजर लावून आपापल्या कामाला गेलेले. आग लागली की सगळ्या मनोऱ्यांवरून एकदम टोन वाजला पाहिजे, कारण कोण कुठल्या शेतात आहे हे कंट्रोलला ठाऊक नसतं. मनोऱ्यांवरून एकामागून एक टोन पाठवायचा तर तेवढ्या वेळात गवताची गंजी जळून जाते. तिकडच्या ग्रामीण भागाला सायमलकास्टची ओढ लागण्यात या पेजरचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर गावातल्या सगळ्यांचे मोबाईल वाजतात. त्यामागचा विचार हाच, आणि तो फार चांगला आहे. फक्त त्याचा पाय मोबाईलच्या टॉवरवर आहे.

आता त्या 'एकाच क्षणी'कडे येते.

गावात सप्ताह असतो. देवळावर एक कर्णा, वेशीवर एक, शाळेपाशी एक. कीर्तनकार एकच, शब्द एकच, पण देवळापासून तीनशे-साडेतीनशे मीटर दूर वेशीपाशी उभं राहा. वेशीचा कर्णा लगेच ऐकू येतो आणि देवळाच्या कर्ण्याचा तोच शब्द जवळपास एका सेकंदानं मागून येतो, कारण हवेत आवाजाला तेवढं अंतर कापायला तेवढा वेळ लागतो. कुठलातरी एक कर्णा जवळ असला तर तोच कानात भरतो, अर्थ लागतो. मध्ये कुठेतरी उभं राहिलं, दोन्ही सारख्याच जोरात आले आणि मागेपुढे आले, की अभंग कुठला तेही कळत नाही. कर्णे दोन्ही चांगले, आवाज दोन्हीकडून भरपूर, आणि तरी कळत काहीच नाही.

सायमलकास्टमधली मुख्य अडचण हीच आहे, फक्त रेडिओलहर आवाजाच्या कितीतरी पट वेगानं जाते. एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, तीनशे मीटर. तुम्ही एका मनोऱ्यापेक्षा दुसऱ्या मनोऱ्याच्या नऊ किलोमीटर जवळ असाल तर दोन आवाजांत तीस मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. एवढ्यापर्यंत साध्या अ‍ॅनालॉग सेटवर कान सांभाळून घेतो. फरक त्याच्या दुप्पट-तिप्पट झाला आणि दोन्ही लहरींची ताकद सारखीच असली की आवाज घोगरा व्हायला लागतो. एक लहर दुसरीपेक्षा चांगली जोरकस असली तर एफएम रिसीव्हर तिलाच धरतो आणि दुबळीला सोडून देतो, हा एफएमचा मोठाच गुण. म्हणून वाईट जागा नेहमी मध्यावर सापडते, जिथे दोघींचं पारडं सारखं होतं. डिजिटल सेटवर घोगरेपणाही येत नाही, अक्षरं सरळ गळून पडतात. सीना दारफळातलं 'सीना' गळतं.

वेळेबरोबर फ्रिक्वेन्सीही जुळावी लागते. दीडशे मेगाहर्ट्‌झवर दहा लाखांत एका भागाची चूक म्हणजे दीडशे हर्ट्‌झ, आणि दोन मनोऱ्यांत तेवढा फरक असला तर मध्यावरच्या सेटमध्ये बोलण्याच्या मागे सतत हूं ऐकू येतं. म्हणून प्रत्येक मनोऱ्यावर जीपीएसचा रिसीव्हर बसवतात. उपग्रहांतल्या अणुघड्याळांकडून तो वेळ घेतो आणि त्या वेळेवर मनोऱ्याची फ्रिक्वेन्सी बांधलेली असते. कंट्रोलमधून निघालेलं बोलणं प्रत्येक मनोऱ्यापर्यंत फायबरनं किंवा मायक्रोवेव्हनं जातं आणि ते काही सगळीकडे एकाच वेळी पोचत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्यावर 'अमुक क्षणी बोल' असा शिक्का असतो. जवळच्या मनोऱ्याला बोलणं लवकर मिळालं तरी तो थांबतो. लांबच्याला मिळालं की दोघं एकदम बोलतात. मला हे फार सुंदर वाटतं, आणि वर्गात शिकवताना दर वर्षी तितकंच वाटतं.

दोन लहरी पूर्ण जुळल्या तरी एक खोड राहते. दीडशे मेगाहर्ट्‌झची लहर दोन मीटर लांबीची. दोन मनोऱ्यांच्या मधोमध, दर मीटरला एक अशी जागा येते जिथे एक लहर दुसरीला खाऊन टाकते. आम्ही हौशी लोकांनी आमच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात दोन गच्च्यांवर दोन छोटे ट्रान्समीटर लावून हे मोहोळ-पंढरपूर रस्त्याच्या बाजूला पाहिलं. हातात सेट धरून मी बांधावर उभी, आवाज एकदम गेला. एक पाऊल पुढे टाकलं, परत आला. पुन्हा मागे, गेला. सोबतचा पोरगा म्हणाला, "मॅडम, सेट खराब झाला की काय बघा की." सेट उत्तम होता. चालत्या माणसाला हे खड्डे जाणवतच नाहीत, पण बंदोबस्ताला एका जागी उभ्या केलेल्या माणसाला नेमकी तीच जागा मिळाली तर? म्हणून काही ठिकाणी मनोऱ्यांच्या फ्रिक्वेन्सीत मुद्दाम दोन-चार हर्ट्‌झचा फरक ठेवतात. खड्डे मग एका जागी बसत नाहीत, सरकत राहतात आणि कुणीच कायमचा अडकत नाही.

या सगळ्यात माणसाच्या निर्णयाची एक जागा आहे, आणि मला लिहायचं होतं ते खरं त्याबद्दल. मनोऱ्याला बोलायला थोडा उशीर करायला सांगता येतो, चाळीस मायक्रोसेकंद, साठ. तेवढ्यानं लहरी जुळण्याची जागा सरकते आणि घोगरा पट्टाही सरकतो. अँटेनाचं तोंड थोडं वळवलं, ताकद कमी केली, तरी सरकतो. नाहीसा मात्र होत नाही. म्हणजे यंत्रणा बसवणाऱ्याला ठरवावं लागतं की हा वाईट पट्टा कुणाच्या वाट्याला द्यायचा.

साहजिक उत्तर असं की जिथे माणसं नाहीत तिथे ढकलायचा. सोलापूरचा नकाशा पाहिला तर अशी जागा लगेच दिसते : उजनीचं पाणी. १९८० मध्ये पूर्ण झालेलं, ११७ टीएमसीचं धरण, करमाळ्याच्या बाजूनं मैलोन्‌मैल पसरलेला फुगवटा. कम्प्युटरवर कव्हरेजचा नकाशा काढणाऱ्याला ती निळी जागा देवाची देणगीच वाटेल. तिथे घर नाही, रस्ता नाही.

२१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. बोटीत असलेले एक पोलीस अधिकारी पोहून काठाला आले. ही बोट हौशी सहलीची नव्हती. धरणानं जुने रस्ते पाण्याखाली घेतले तेव्हापासून या काठची माणसं त्या काठाला असंच जातात, कारण रस्त्यानं जायचं म्हणजे मोठा वळसा. निळी जागा हाच त्यांचा रस्ता आहे. आणि हा रस्ता दोन जिल्ह्यांच्या मधून जातो. एक काठ सोलापूरचा, दुसरा पुण्याचा.

मी असं म्हणत नाही की रेडिओ असता तर ती माणसं वाचली असती. बोट उलटायला लागणाऱ्या वेळात कुठलाच रेडिओ काही करत नाही. पण त्यानंतरच्या शोधात दोन्ही काठांवरच्या माणसांना एकमेकांचं ऐकू यायला हवं, आणि पाण्यावरच्या बोटीतून दोन्ही काठांना. तेव्हा उजनीचं पाणी मोकळी जागा म्हणून वापरू नये, एवढं मी ठामपणे म्हणते. नान्नजच्या माळढोकाच्या गवताळ माळावर थोडा पट्टा टाका, तिथे दोन-चार वनरक्षक असतात, त्यांना विचारून टाका. त्यांना अमुक भागात सेट नीट लागणार नाही हे आधी सांगा. सांगितलेला वाईट पट्टा माणूस सांभाळतो. न सांगितलेला त्याच्या अंगावर येतो.

आतापर्यंत लिहिलं ते कंट्रोलचा आवाज माणसापर्यंत जाण्याबद्दल. उलटी बाजू जास्त कठीण आहे आणि पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री तिलाच लागते. मनोरा पन्नास-शंभर वॅटनं बोलतो, गाडीतला सेट पंचवीसनं, हातातला फक्त पाचनं. त्यामुळे असं होतं की करमाळा तालुक्यातल्या केम गावाबाहेर उभ्या असलेल्या हवालदाराला कंट्रोल खणखणीत ऐकू येतं आणि त्याचं मात्र कंट्रोलला काही येत नाही. हे कधी कधी अजिबात ऐकू न येण्यापेक्षा वाईट. त्याला वाटतं आपण जोडलेले आहोत. यावर उपाय म्हणजे ऐकणारे रिसीव्हर बोलणाऱ्या मनोऱ्यांपेक्षा जास्त ठेवणं. पाण्याच्या टाकीवर, साखर कारखान्याच्या चिमणीशेजारी, शाळेच्या गच्चीवर नुसता रिसीव्हर ठेवता येतो. एकाच हँडसेटचा आवाज पाच ठिकाणी पकडला जातो, कंट्रोलमधलं यंत्र क्षणाक्षणाला त्यातला सगळ्यात स्वच्छ निवडतं आणि तोच सगळ्या मनोऱ्यांवरून पुन्हा सोडतं. याला तिकडे व्होटिंग म्हणतात. केमचा माणूस कुजबुजला तरी अक्कलकोटच्या गाडीत ऐकू येतो. निविदेत गाडीच्या टपावरच्या अँटेनानं चाचणी घेतली की सगळा जिल्हा हिरवा दिसतो. चाचणी कमरेच्या सेटनं घ्या, घराच्या आत उभं राहून घ्या, उसात घ्या, आणि ऐकू येण्याची नको, ऐकवण्याची घ्या.

सगळे एका चॅनलवर आले की गर्दीही होते, हे कबूल केलं पाहिजे. वारीत पंढरपूरचंच बोलणं एवढं असतं की बाकी जिल्हा तोंड उघडू शकणार नाही. त्याला जिल्हाभर एक मुख्य चॅनल आणि घटनेच्या जागेपुरते छोटे वेगळे चॅनल, हीच रीत बरी. प्रत्येकाला आपोआप चॅनल वाटून देणारी मोठी ट्रंकिंग यंत्रणा शहराला शोभते. ग्रामीण जिल्ह्याला मला साधी रचना जास्त भरवशाची वाटते, कारण ती बिघडली तर काय बिघडलं हे तालुक्याच्या ठिकाणच्या माणसाला कळतं.

बिघडण्याबद्दल अण्णांचं मत विचाराल तर ते मनोऱ्यापासून सुरू न करता कनेक्टरपासून करतील. एकदा एका संस्थेच्या मनोऱ्याची रेंज कमी झाली म्हणून आम्हाला बोलावलं होतं. त्यांनी नवा ट्रान्समीटर आणून लावलेला, तरी फरक शून्य. अण्णा तेव्हा निवृत्त झालेले, खालीच खुर्ची टाकून बसले. वरून उतरवलेल्या केबलचा कनेक्टर त्यांनी हातात घेतला, दोन पान्यांनी उघडला आणि तळहातावर उलटा धरला. आतून पाण्याचा एक थेंब पडला. मधली पितळी पिन हिरवी झाली होती आणि केबलची तांब्याची जाळी चिमटीत धरली की काळी भुकटी होऊन सुटत होती. वरून गुंडाळलेली टेप उन्हानं कडक होऊन भेगाळलेली. सोलापूरचा मे महिना त्या टेपनं किती काढले असतील! अण्णांनी केबल वीतभर कापली, जाळी विंचरून सरळ केली, नवा कनेक्टर भरला, त्यावर आधी रबराची टेप ताणून आणि मग साधी, खालून वर अशी गुंडाळली, म्हणजे पावसाचं पाणी थरांवरून घसरून जावं. रेंज परत आली. लाखाचा ट्रान्समीटर आला होता आणि दोष टेपेत होता.

सायमलकास्टमध्ये असं दुर्लक्ष आणखी महागात पडतं. साधा रिपीटर बंद पडला तर त्याच्यापुरतं बंद पडतं. सायमलकास्टमधला एखादा मनोरा जीपीएस हरवून भलत्याच वेळी बोलायला लागला तर तो शेजारच्या दोन चांगल्या मनोऱ्यांनाही नासवतो. म्हणून नीट बसवलेल्या यंत्रणेत, घड्याळ भरवशाचं राहिलं नाही की तो मनोरा स्वतःहून गप्प होतो. एखादा अ‍ॅम्प्लिफायर बदलला, तरी तेवढ्यानं वेळ काही मायक्रोसेकंद इकडेतिकडे होऊ शकते आणि पुन्हा मोजमाप करावं लागतं. हे करायला शिकलेली, पगारी, जिल्ह्यातच राहणारी माणसं हवीत. यंत्रणेची किंमत काढताना त्यांचे पुढच्या पंधरा वर्षांचे पगार त्यात धरा. बॅटऱ्या धरा, डिझेल धरा, विजेच्या कडकडाटात जळणारे सुटे भाग धरा. नाहीतर उद्घाटनानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात हिरवी पिन ठरलेली.

११२ क्रमांक २०२१ मध्ये आपल्याकडे आला, गाड्यांची जागा पडद्यावर दिसते, फोन केल्यावर गाडी लवकर पोचते, ते चांगलंच झालं. मोबाईलवर चालणारी बोलण्याची अ‍ॅप्सही आली आहेत आणि रोजच्या कामाला ती सोयीची आहेत. मला काळजी आहे ती रोजची नसलेल्या रात्रीची. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. त्या आठवड्यात भीमाही फुगली. अशा वेळी उजनीतून किती सोडलं आणि नीरेवरच्या वीर धरणातून किती, हे दोन्ही आकडे नीरा नरसिंगपूरच्या संगमाखालच्या प्रत्येक गावाला लागतात. ते जलसंपदाकडे असतात. बोटी महसूलकडे, दोर अग्निशमनकडे, वीज तोडायची की ठेवायची हे महावितरणकडे. प्रत्येकाचा फोन वेगळा, ग्रुप वेगळा. जिल्हाभर ऐकू येणारा एक चॅनल झालाच तर त्यावर या सगळ्यांना एक-एक सेट द्या. पोलिसांच्या खासगी बोलण्याला वेगळा चॅनल ठेवता येतो, त्यासाठी बाकीच्यांना बाहेर ठेवायची गरज नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही हौशी मंडळी आणि माझ्या वर्गातली काही मुलं आमच्याच सेटांवर, आमच्याच पट्ट्यात, पाच वॅटनं जिल्हा मोजायला घेणार आहोत. आमची लहर पोलिसांच्या लहरीच्या इतक्या जवळची आहे की जमीन दोघींना जवळपास सारखंच वागवते. पद्धत साधी आहे : एकानं गावाचं नाव सांगायचं, दुसऱ्यानं लांबून ऐकून लिहायचं, आणि सांगितलेलं नि लिहिलेलं जुळतंय का पाहायचं. नीट कळलं, लक्ष देऊन कळलं, परत विचारावं लागलं, कळलंच नाही, असे चार रकाने. एक, दोन, तीन, चार असे आकडे बोलायचे नाहीत, कारण अपेक्षित शब्द कान स्वतःच भरून घेतो. नावंच घ्यायची, आणि तीही सारखी ऐकू येणारी. ती यादी अण्णांनी करून दिलीय, वडाळ्याखाली वडवळ, कुरुलखाली कुर्डू, असं जोडीजोडीनं. पहिला मुक्काम करमाळा. तिथून कुगावच्या धक्क्यावर जायचं, आणि पाणी शांत असलं तर अर्ध्यापर्यंत होडीनं. होडीवाल्यांशी बोलणं झालंय, लाइफ जॅकेटं आमची आम्ही नेणार आहोत.